मॉडेल १०० चालूच होत नाही, किंवा झालं तरी सगळं विसरतं: तपासणी कुठून सुरू करायची

टँडीचं टीआरएस-८० मॉडेल १०० हे १९८३ सालचं यंत्र आहे, सेलवर चालणारा, उचलून नेण्याजोगा संगणक. जपानच्या क्योसेरा कंपनीने घडवलं, अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकलं गेलं. गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर अशी बरीच यंत्रं आली. काही न्यू जर्सीहून नातेवाइकांच्या सामानातून, काही परदेशात राहून परतलेल्या लोकांच्या माळ्यावरून. आणणारा प्रत्येक जण जवळपास एकच वाक्य बोलतो, "बंद पडलंय." त्यातली निम्मी तरी बंद पडलेली नव्हती. उरलेल्यांतल्या बहुतेकांचा बिघाड एकाच ठिकाणी होता: वीज येण्याच्या वाटेवर. म्हणून ही तपासणी त्याच वाटेने, फुकटच्या गोष्टीपासून सोल्डरिंग आयर्नपर्यंत लिहिली आहे. याच घराण्यातल्या एनईसी पीसी-८२०१ए, ऑलिव्हेट्टी एम-१० आणि १९८६ च्या टँडी १०२ या यंत्रांनाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त खटके आणि जॅक यांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतात.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा.

खटका ऑन केला तरी पडदा कोरा राहतो, आवाज नाही, काही नाही. किंवा यंत्र चालू होतं, पण नवे सेल घालूनही लो बॅटरीचा लाल दिवा लागलेला असतो आणि थोड्या वेळात यंत्र बंद पडतं. किंवा अडॅप्टरवर छान चालतं, सेलवर नाही. कधी याच्या उलट. किंवा सेल बदलले की लिहिलेलं सगळं जातं आणि मेनूवर १ जानेवारी १९०० ही तारीख येते. किंवा पडदा उजळतो, पण अक्षरं इतकी फिकट की कॉन्ट्रास्टची चकती पूर्ण फिरवूनही वाचता येत नाहीत. किंवा मेनूच्या जागी निरर्थक चिन्हं येतात आणि कळा दाबून काही होत नाही. शेवटचं म्हणजे पडद्याचा एक चौकोन कोरा, किंवा कळांची एक ओळच मुकी.

एक तक्रार मात्र बिघाड नाही. तारखेत साल नेहमी १९ ने सुरू होतं. ते १९ रॉममध्येच, म्हणजे कारखान्यात भरलेल्या न बदलणाऱ्या मेमरीत, कोरलेलं आहे. घड्याळाच्या चिपला साल ठाऊकच नसतं, ते वेगळं रॅममध्ये, म्हणजे लिहिता-पुसता येणाऱ्या मेमरीत, ठेवलेलं असतं. त्यासाठी यंत्र उघडू नका.

उघडण्याआधी एवढं समजून घ्या

या यंत्रात डिस्क नाही. तुमची प्रत्येक फाइल रॅममध्ये असते आणि ती रॅम विजेवर जिवंत राहते, यंत्र बंद असतानासुद्धा. ती सीमॉस, म्हणजे फार कमी वीज खाणाऱ्या बनावटीची, स्टॅटिक रॅम आहे, निव्वळ आठवण टिकवायला तिला अगदी नगण्य करंट पुरतो. प्रोसेसरही सीमॉसच, ८०सी८५, वेग २.४५७६ मेगाहर्ट्झ. पडद्यामागे दिवा नाही, बाहेरचा उजेडच परावर्तित होतो. या तीन निर्णयांमुळे चार पेन्सिल (एए) सेलवर साधारण २० तास चालणारं यंत्र १९८३ मध्ये शक्य झालं. त्या काळी उचलून नेण्याजोगे म्हणवले जाणारे बहुतेक संगणक शिवणयंत्राच्या पेटीएवढे होते आणि त्यांना भिंतीतलं सॉकेट लागायचं. बातमीदारांनी याला उगीच जवळ केलं नाही. आत मायक्रोसॉफ्टचं बेसिक (प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा) आहे आणि ज्याच्या कोडचा मोठा भाग बिल गेट्स यांनी स्वतः लिहिला असं हे शेवटचं यंत्र मानलं जातं.

रॅमला वीज तीन ठिकाणांहून मिळते. चार पेन्सिल सेल, अडॅप्टर, आणि मदरबोर्डवर सोल्डर केलेली एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी, ३.६ व्होल्ट आणि ५० एमएएच. बाहेरचे सेल काढले की ही छोटी बॅटरी रॅम सांभाळते. ती पूर्ण चार्ज असेल तर ८ केबीच्या यंत्रात साधारण महिनाभर आणि ३२ केबीच्या यंत्रात आठवडाभर. ही बॅटरी आता चाळिशी ओलांडलेली आहे. वरच्या यादीतल्या निम्म्या लक्षणांचं मूळ तिच्यात असतं.

म्हणून यंत्र चालू होत असेल आणि आत कुणाचा जुना मजकूर असेल, तर सगळ्यात आधी तो बाहेर काढा. एका गृहस्थांनी आणलेल्या यंत्रात त्यांच्या वडिलांनी लिहिलेल्या नोंदी होत्या. मी सवयीने आधी सेल काढून पाहिले असते तर त्या गेल्या असत्या. मागच्या २५ पिनांच्या सीरिअल पोर्टला नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी) लावा, दुसऱ्या टोकाला यूएसबीचं सीरिअल कन्व्हर्टर आणि आजच्या संगणकावर कोणताही टर्मिनल प्रोग्रॅम. यंत्राच्या मेनूवरच्या टेलकॉम या प्रोग्रॅममध्ये जाऊन एफ३ दाबा, स्टॅटसाठी ८८एन१ई असं टाइप करा. म्हणजे ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट आणि प्रवाहावर नियंत्रण चालू. मग एफ४ ने टर्मिनल, आणि तिथे एफ३ ने एकेक फाइल पाठवा. रुंदी विचारली की नुसतं एंटर. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर ते तुम्हाला निर्धास्त ठेवेल.

पहिली तपासणी: तीन खटके, खर्च शून्य

यंत्र उलटं करा. तळाशी मेमरी पॉवर नावाचा छोटा सरकता खटका आहे. तो खोलगट जागेत असल्यामुळे पेनाच्या टोकाने सरकवावा लागतो. यंत्र बराच काळ ठेवून देताना हा खटका ऑफ करावा अशी सोय केलेली होती आणि व्यवस्थित माणसं ते करायची. तीस वर्षांनी मुलगा माळ्यावरून यंत्र काढतो, नवे सेल घालतो, वरचा खटका ऑन करतो आणि काहीच होत नाही, कारण तळाचा खटका अजून ऑफ आहे. तो ऑन केल्याशिवाय यंत्र चालू होणार नाही. माझ्याकडे आलेली किमान चार यंत्रं एवढ्यावर परत गेली.

दुसरा खटका उजव्या कडेचा, नेहमीचा पॉवरचा. दहा मिनिटं काही टाइप केलं नाही की यंत्र आपोआप झोपतं, पण खटका मात्र ऑनवरच राहतो. मग माणूस ऑनवर असलेल्या खटक्याकडे आणि कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो. तो ऑफ करून पुन्हा ऑन करा. याच खटक्याचे संपर्क इतक्या वर्षांत काळवंडतात, म्हणून यंत्र बंद असताना, सेल काढून, तो पंचवीस-तीस वेळा मागेपुढे सरकवा. घर्षणाने थर निघतो. कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या यंत्रांत हा त्रास मला जास्त दिसतो. सेल काढण्याआधी मजकूर बाहेर काढलाय ना, हे मात्र पुन्हा एकदा तपासा.

तिसरी गोष्ट खटका नाही, कॉन्ट्रास्टची चकती आहे, तीही उजव्या कडेलाच. पिशवीत घासून ती एका टोकाला गेलेली असली तर उत्तम चालणारं यंत्रही मेलेलं दिसतं. चकती हळूहळू एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा, तिरक्या कोनातून बघत.

तरीही पडदा कोरा असेल तर यंत्र आंधळेपणाने चालवून पाहा. मागचं रिसेट बटण दाबा. चालू यंत्रात मेनूवरचा कर्सर आता बेसिकवर असायला हवा. एंटर दाबा, मग इंग्रजी बीप हा शब्द टाइप करा, पुन्हा एंटर. आवाज आला तर प्रोसेसर, रॉम, रॅम, कीबोर्ड सगळं ठीक आहे आणि दोष फक्त पडद्याकडे आहे. चार अक्षरं आणि दोन एंटर, एवढ्यात तुमचं निम्मं काम कमी होतं. मी ही चाचणी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) हातात घेण्याआधी करते.

दुसरी तपासणी: सेल आणि त्यांच्या स्प्रिंगा

किराणा दुकानात मिळणारे स्वस्त पेन्सिल सेल कार्बन-झिंकचे असतात. ते भिंतीवरच्या घड्याळाला पुरतात, या यंत्राला नाही. मोकळे मोजले तर दीड व्होल्ट दाखवतील, पण करंट ओढला की व्होल्टेज बसतं. वर सांगितलेले २० तास अल्कलाइन सेलचे आहेत. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेलही चालतात, मात्र त्यांचं व्होल्टेज मुळात १.२ असल्यामुळे चारांचे ४.८ होतात. लो बॅटरीचा दिवा साधारण ४.१ व्होल्टला लागतो आणि ३.७ च्या आसपास यंत्र स्वतःहून बंद होतं. रिचार्ज सेल शेवटी झपाट्याने उतरतात, त्यामुळे दिवा लागल्यावर मिळणारा वेळ फार थोडा असतो. हा बिघाड समजू नका.

माप नेहमी यंत्र चालू ठेवून घ्या. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरेसा आहे. चारही सेलचं मिळून मोकळं माप ६.२ आणि चालू केल्यावर ५ च्या खाली, असं झालं तर एक तर सेल कमजोर आहेत किंवा मध्ये कुठेतरी गंज आहे.

गंज बहुधा स्प्रिंगांवर असतो. इथे एक फरक लक्षात ठेवा. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. त्याची पांढरी भुकटी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने उतरते. कार्बन-झिंक सेलमधून गळतं ते आम्लधर्मी असतं, त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. कोणता सेल होता ते आठवत नसेल तर थेंबभर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर ते अल्कलीचं, व्हिनेगरनेच साफ करा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, आणि मग बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. आधी पॉलिश पेपर मारला तर भुकटी आत पडते आणि बोर्डावर जाऊन बसते. स्प्रिंगेचं वरचं टोक चकचकीत झालं तरी मागे जिथे वायर सोल्डर केली आहे तिथे हिरवट गंज राहू शकतो. स्प्रिंग साफ करूनही व्होल्टेज बसतच असेल तर संशय तिथे घ्या.

तिसरी तपासणी: अडॅप्टर, आणि इथे घाई नको

इथे भारतात येऊन सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या पायरीवर. यंत्राला लागतात ६ व्होल्ट डीसी, ४०० मिलिअँपिअर, आणि प्लगच्या मधल्या छिद्रात ऋण टोक. आपल्या बाजारात मिळणारे जवळपास सगळे अडॅप्टर मध्ये धन टोकाचे असतात. प्लग व्यवस्थित बसतो म्हणून माणूस खात्रीने लावतो आणि आतले भाग उलट्या व्होल्टेजला सामोरे जातात.

गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर मध्ये ऋण टोकाचे असतात, ते बघून काही जण खूश होतात. पण ते ९ व्होल्टचे असतात. तेही नको.

यंत्राबरोबर अमेरिकेतून आलेला मूळ अडॅप्टर असेल तर तो १२० व्होल्टचा आहे. पिनेला बदली सॉकेट लावून तो आपल्या २३० व्होल्टवर घातला तर काही मिनिटांत जळतो. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. खरं सांगायचं तर तो कप्प्यात ठेवून द्या आणि इथला ६ व्होल्टचा रेग्युलेटेड अडॅप्टर घ्या, प्लगची वायर उलटी जोडून घ्या आणि लावण्याआधी मल्टिमीटरने टोकं स्वतः तपासा. दुकानदाराने तपासून दिलं असलं तरीही. अडॅप्टर मेन्सचा असतो, त्याचा डबा उघडू नका. बदल फक्त प्लगच्या बाजूच्या वायरीत करायचा, तोही भिंतीतून काढून.

यंत्र सेलवर चालतं आणि चांगल्या अडॅप्टरवर नाही, किंवा प्लग हलवला की चालूबंद होतं, तर जॅकच्या पायांना ड्राय सोल्डर झालेलं असतं. प्लग शेकडो वेळा खुपसून-काढून तिथला सांधा तडकतो. यंत्र उघडल्यावर ते तीन सांधे पुन्हा वितळवले की काम होतं.

चौथी तपासणी: रिसेट आणि पूर्ण रिकामं करणं

पडद्यावर निरर्थक चिन्हं, किंवा मेनूवरच अडकलेलं यंत्र, हे बहुतेक वेळा हार्डवेअरचं नसतं. वीज अर्धवट गेली की रॅममधल्या फाइलींच्या पत्त्यांची नोंद बिघडते आणि चालू होताना यंत्र त्या चुकीच्या पत्त्यांमागे धावतं. आधी मागचं रिसेट बटण नुसतं दाबा, त्याने रॅम पुसली जात नाही. त्याने झालं तर फाइली शाबूत मिळतील.

नाही झालं तर कंट्रोल आणि पॉझ-ब्रेक या दोन कळा दाबून धरा आणि त्याच वेळी रिसेट दाबा. यंत्र कोऱ्या पाटीने सुरू होईल, तारीख १ जानेवारी १९०० दिसेल. सगळ्या फाइली जातील. म्हणून ही पायरी चौथी आहे, पहिली नाही. बरेच लोक कुठेतरी वाचून हीच आधी करतात आणि मग मला विचारतात की जुना मजकूर परत येईल का. येत नाही.

कोऱ्या मेनूवर तळाशी मोकळे बाइट किती ते लिहून ठेवा. ३२ केबीच्या यंत्रात २९,६३८ दिसायला हवेत. त्यातून बरोबर ८,१९२ कमी म्हणजे २१,४४६ दिसले तर दोन शक्यता आहेत. एक तर यंत्र २४ केबीचंच आहे, जे अगदी सामान्य होतं, किंवा ८ केबीचा एक रॅमचा तुकडा यंत्राला दिसत नाही. यंत्र उघडून (रीत पाचव्या तपासणीत आहे) सॉकेटमध्ये तुकडे किती आहेत ते मोजा. तुकडा असूनही दिसत नसेल तर तो अलगद दाबून बसवा, बऱ्याचदा पिनांवरचा थरच कारण असतो. आणि एक इशारा: इथल्या सॉकेटांची पिनरचना बाजारातल्या सर्वसाधारण चिपांसारखी नाही. जास्तीच्या रॉमच्या सॉकेटात साधी ईप्रॉम (प्रोग्रॅम भरता येणारी चिप) तशीच खुपसू नका.

पाचवी तपासणी: आतली बॅटरी

इथपर्यंत फार तर सेल आणि अडॅप्टरचे पैसे गेले असतील. आता स्क्रू ड्रायव्हर.

आधी घरच्या घरी एक चाचणी. चालत्या यंत्रात चार ओळी लिहा, रात्रभर चांगले सेल घालून राहू द्या, सकाळी वरचा खटका ऑफ करून सेल काढा आणि पाच मिनिटांनी परत घाला. मजकूर टिकला तर आतल्या बॅटरीत अजून जीव आहे. गेला तर ती संपली.

दोन्ही परिस्थितींत ती काढून टाका, असं माझं ठाम मत आहे. ती चालते म्हणून ठेवणारे लोक मला भेटतात आणि मी त्यांना दरवेळी हेच सांगते. ती बॅटरी मदरबोर्डवर आडवी झोपलेली आहे. गळू लागली की अल्कली तिच्या पायांवरून बोर्डावर उतरते आणि तांब्याच्या ट्रॅकच्या कडेने, सोल्डर मास्कच्या (बोर्डावरच्या रंगीत लेपाच्या) खालून सरकत जाते. वरून नुसता हिरवा डाग दिसतो, पण खाली ट्रॅक तुटलेला असतो. ती आज गळत नसेल तर पुढच्या पावसाळ्यात गळेल. सुस्थितीतल्या बोर्डवरून ती काढणं दहा मिनिटांचं काम आहे. गळाल्यानंतरची दुरुस्ती आठवड्याची.

उघडण्याची रीत अशी: सेल काढा, मेमरी पॉवर ऑफ करा, तळाचे चार स्क्रू सोडवा. स्क्रू प्लास्टिकमध्ये बसलेले आहेत, परत लावताना आवळून दोरे मोडू नका. वरचा भाग एकदम उचलू नका. पडदा आणि कीबोर्ड वरच्या भागात आहेत, मदरबोर्ड खालच्या भागात, आणि दोघांमध्ये केबलींची पट्टी आहे. पुस्तक उघडावं तसं हळू उघडा. वळूनवळून कडक झालेली पडद्याची केबल तुटली तर तिच्या जोडीची मिळवणं सोपं नाही. सीमॉस चिपांना अंगावरची स्थिर वीज सहन होत नाही, म्हणून सिंथेटिक कपडे टाळा आणि हात लावण्याआधी नळाला किंवा धातूच्या एखाद्या अर्थ केलेल्या वस्तूला स्पर्श करा.

बॅटरीचे पाय डिसोल्डर करा, म्हणजे सोल्डर वितळवून सोडवा. सोल्डर शोषणारा पंप आणि विक (तांब्याची विणलेली पट्टी) दोन्ही जवळ ठेवा. पाय निघत नसेल तर ओढू नका, ताजं सोल्डर घालून पुन्हा वितळवा. ओढलं तर पॅड (पायाखालची तांब्याची चकती) उखडतो. भोवतालचा हिरवा-पांढरा भाग व्हिनेगरने, मग डिस्टिल्ड पाण्याने, मग आयसोप्रोपिलने साफ करा, जुना टूथब्रश उत्तम. वाळल्यावर जवळच्या प्रत्येक ट्रॅकची कंटिन्युइटी (तो अखंड आहे का) मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. तुटलेल्या ट्रॅकवर बारीक इनॅमल वायरचा पूल घालता येतो.

नवीन काय बसवायचं? ३.६ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक, ८० एमएएचच्या आसपासचा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कॉर्डलेस फोनच्या बॅटऱ्यांच्या दुकानात तीन सेलचा असा पॅक मिळून जातो. तो बोर्डावर मूळ जागी सोल्डर करण्याऐवजी मी दोन वायरी काढून, आवरणात गुंडाळून, डब्याच्या मोकळ्या कोपऱ्यात दुहेरी टेपने चिकटवते. वीस वर्षांनी तो गळलाच तर बोर्ड वाचेल. टोकं उलटी जोडू नका, आधी बोर्डावरची धनखूण शाईने ठळक करा.

नाण्यासारखा लिथियम सेल मात्र इथे कधीही लावू नका. यंत्र या जागेला सतत थोडा थोडा चार्ज देत असतं. तो सेल चार्ज होण्यासाठी नसतो, तो फुगतो, फुटतो, पेटूही शकतो. "एक महिना झाला, काही झालं नाही" असं म्हणणाऱ्याचंही यंत्र मी उघडून तो काढला आहे.

बसवल्यावर मेमरी पॉवर ऑन करून वर सांगितलेला कोऱ्या पाटीचा रिसेट करा, कारण रॅममध्ये या वेळी कचराच असतो. हे न केल्यामुळे पॅक बदलल्यावर यंत्र मेलं असं वाटून घाबरलेले लोक मी पाहिलेत.

सहावी तपासणी: कपॅसिटर

फिकट पडदा, नवे सेल असूनही लागलेला लाल दिवा, गरम झाल्यावर बंद पडणं. ही लक्षणं आणि वरचं सगळं ठीक, म्हणजे दोष वीजपुरवठ्याच्या भागातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचा). तिथे एक छोटा कन्व्हर्टर सेलच्या व्होल्टेजपासून अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट तयार करतो. अधिक ५ वर चिपा चालतात. उणे ५ सीरिअल पोर्टला आणि पडद्याच्या कॉन्ट्रास्टला लागतात. म्हणून उणे ५ खालावले की यंत्र व्यवस्थित चालतं, बीपही देतं, पण चकती फिरवून अक्षरं गडद होत नाहीत. लोक पडदा बदलायला निघतात आणि दोष काही रुपयांच्या कपॅसिटरचा असतो.

दोन्ही मापं यंत्र चालू ठेवून घ्या. अधिक बाजूला ४.७५ ते ५.२५ मिळाले तर ठीक. उणे बाजूला ४ च्या खाली आलं तर मी कपॅसिटर बदलते. सोल्डरिंग आयर्न लावताच सुक्या मासळीसारखा वास आला तर तो गळलेला होता हे नक्की, मग बाहेरून तो कितीही टवटवीत दिसो. एकच बदलून थांबू नका, पुरवठ्यातले सगळे बदला, ते एका वयाचे आहेत. मूल्य तेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअस सहन करणारे घ्या. टोकं उलटी लावू नका, एकेक काढून एकेक लावा, म्हणजे चूक होत नाही.

पडदा आणि कळा

पडदा २४० बाय ६४ ठिपक्यांचा आहे, म्हणजे ४० अक्षरांच्या आठ ओळी. त्यामागे दहा ड्रायव्हर चिपा आहेत, वर पाच आणि खाली पाच, प्रत्येकीकडे जास्तीत जास्त ५० स्तंभ आणि ३२ रांगा. म्हणून साधारण सव्वाआठ अक्षरं रुंद आणि चार ओळी उंच असा नेमका चौकोन कोरा असेल तर एकच ड्रायव्हर किंवा त्याचा सांधा गेला आहे, बाकी यंत्राला हात लावू नका. पूर्ण पडदा कोरा आणि बीप येतो, तर केबल काढून, साफ करून परत बसवा आणि उणे ५ पुन्हा मोजा.

एकच कळ मुकी असेल तर तिच्या आत धूळ आहे, टोपी काढून आयसोप्रोपिलचा थेंब टाका आणि शंभरदा दाबा. एकदम सात-आठ कळा मुक्या असतील तर तो कीबोर्डच्या जाळीचा एक धागा तुटल्यासारखा प्रकार आहे, बहुधा कनेक्टर. कळा एकेक उपसत बसू नका.

इथे थांबा

बोर्डाचा पॅड उखडला आणि ट्रॅक कुठे जातो ते समजत नाही, तेव्हा थांबा. अल्कली चिपांच्या खाली शिरली असेल तर थांबा. एखादी चिप बोट ठेवता येऊ नये इतकी तापत असेल तर सेल लगेच काढा आणि थांबा. कपॅसिटर बदलूनही अधिक ५ येत नसतील, किंवा येतात आणि तरीही कोऱ्या पाटीचा रिसेट केल्यावर मेनू येत नाही, तेव्हाही थांबा. इथून पुढे ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो, प्रोसेसरच्या पायांवर क्लॉकचा, म्हणजे त्याच्या ठोक्यांचा, सिग्नल शोधावा लागतो. पडद्याचं मॉड्यूल स्वतः उघडू नका. काच आणि बोर्ड यांमधले संपर्क एकदा सरकले की पुन्हा जुळवणं मलाही जमलेलं नाही.

कारागीर निवडताना माझा अनुभव असा की जुने टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस या बोर्डाला मोबाइल दुरुस्तीवाल्यापेक्षा जास्त मानवतो. इथे बहुतेक भाग पाय आरपार गेलेले आहेत, आणि हॉट एअरने भाजण्यापेक्षा शांतपणे एकेक सांधा वितळवणारा हात हवा. त्याला कागदावर लिहून द्या: कोणत्या पायरीपर्यंत काय तपासलं, दोन्ही व्होल्टेज किती मिळाली, कोणते भाग बदलले. आणि ठळक अक्षरांत, अडॅप्टर ६ व्होल्ट, मध्ये ऋण.

दुरुस्तीनंतर मी यंत्र लगेच परत देत नाही. दोन दिवस सेल घालून ठेवते, मग एक फाइल लिहून सेल काढते आणि चार दिवसांनी परत घालते. फाइल तशीच उघडली की चारही स्क्रू लावते. नंतर यंत्र महिनोन्‌महिने ठेवून द्यायचं असेल तर फाइली बाहेर काढा, सेल काढा, मेमरी पॉवर ऑफ करा. आणि बॅटरीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: "तळाचा खटका ऑफ आहे."